माझ्या पाठीवर कुंड्या नकोत

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. हे मी स्वतः सांगतो आहे म्हणून चालते. तुम्ही म्हणणार असाल तर जरा जपून म्हणा. गोल नाक, दोन बटबटीत दिवे, मधोमध पट्टी असलेली पुढची काच आणि मागे लाकडी फळ्यांचा हौदा, असे माझे रूप आहे. रस्त्यात मला पाहिले की लोक थांबतात, फोटो काढतात, "काय सुंदर जुनी गाडी आहे!" म्हणतात आणि निघून जातात. माझ्या चाकांत हवा आहे का, हे त्यांच्यापैकी एकानेही कधी विचारलेले नाही.

या कौतुकानेच एकदा माझा घात होणार होता. ती हकिकत मला तुम्हाला सांगायची आहे. मी ती रडून सांगणार नाही. माझे डोळे म्हणजे दिवे, आणि दिव्यांत पाणी शिरले की दुरुस्ती काढावी लागते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे पत्रा दाबून माझे नाक घडवले, रिव्हेट ठोकून सांगाडा बांधला, आणि शेवटी एका कामगाराने दारावर थाप मारून मला फाटकाबाहेर काढले. मला विकत घेतले ते काचेच्या एका व्यापाऱ्याने. त्यांची मुले त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणू लागलो. माझ्या हौद्यात त्यांनी एक लाकडी घोडी बसवली. घोडी म्हणजे दोन्ही बाजूंनी उतरती अशी चौकट. तिच्या अंगाला काचा तिरक्या टेकवायच्या, मध्ये जुने कापड घालायचे आणि दोरीने आवळायचे. काच आडवी नेली तर स्वतःच्याच वजनाने तडकते. उभी नेली तर राहते. माणसांचेही तसेच असावे.

त्या घरात एक रीत होती. भरलेल्या गाडीजवळ कोणी 'फुटली' हा शब्द काढायचा नाही. काच गेलीच तर 'वाढली' म्हणायचे. बाहेरच्यांना हे ऐकून हसू यायचे, पण घरातली लहान मुलेसुद्धा ही रीत पाळत. बाबा गाडी चालवताना बडबडत असत. "पळवायला काय, कुणालाही येतं. काचवाल्याचा कस लागतो थांबवण्यात," हे त्यांचे नेहमीचे वाक्य होते. ते ब्रेकवर पाय ठेवत तो झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालावे तसा. मी थांबायचो आणि मागच्या काचांना पत्ताही लागायचा नाही. किती काचा वाहिल्या मी! शाळांच्या खिडक्या, दवाखान्यांची दारे, दुकानांच्या दर्शनी काचा. आज ज्या काचेत पाहून तुम्ही भांग पाडता, ती कदाचित माझ्याच पाठीवरून आली असेल.

पुढे बाबा थकले. आता ते दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि आत काच कापली जात असताना नुसत्या आवाजावरून "हात हलला तुझा" असे सांगतात. काच कापणे आणि गाडी चालवणे त्यांच्या मोठ्या मुलीकडे आले. तिला सगळे ताई म्हणतात. तिचा धाकटा भाऊ घरोघरी जाऊन मापे घेतो आणि काचा बसवतो. त्याला सगळे धाकटा म्हणतात, तो ताईपेक्षा हातभर उंच असला तरी.

मीही थकलो. म्हणजे मी नव्हे, माझे पेट्रोलचे इंजिन थकले. ते धूर ओकू लागले आणि एके दिवशी भर चौकात त्याने जीव सोडला. मला दोरीने ओढत आणून दुकानामागच्या शेडमध्ये उभे केले, वर ताडपत्री टाकली आणि सगळे आपापल्या कामाला लागले. धाकट्याने एक लहान टेम्पो आणला. त्यात मोठ्या काचा मावत नसत, म्हणून मोठी कामे हातची जाऊ लागली. माझ्या सीटवर एका मांजरीने पिल्ले घातली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिने निदान मला उपयोगात तरी आणले.

मग तो हॉटेलवाला आला. त्याने ताडपत्री वर करून मला पाहिले आणि टाळीच वाजवली.

"असा देखणा पीस दारात उभा राहिला ना, की गिऱ्हाईक आपोआप आत येतं," तो धाकट्याला सांगू लागला. "हौद्यात कुंड्या ठेवू, वरून दिव्यांच्या माळा सोडू. इंजिनाच्या जागी थंड पेयांची पेटी बसेल. आणि चाकांखाली विटा लावल्या, की टायरचीही कटकट नाही!"

मित्रांनो, चाकांखाली विटा! ज्याने आयुष्यभर रस्ता तुडवला त्याला विटांवर चढवून त्याच्या पोटात सरबताच्या बाटल्या ठेवायच्या, आणि वर हे सगळे प्रेमाने! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला हॉर्न वाजवायचा होता, पण बॅटरीत जीव नव्हता.

संध्याकाळी बहीण-भाऊ शेडमध्ये येऊन भांडले. बाबांची खुर्चीही आत आणली होती.

"इंजिन बदलू या," ताई म्हणाली. "बाकी गाडी ठणठणीत आहे. डिझेलचं इंजिन टाकलं की अजून खूप वर्षं जाईल."

"इंजिनाचं नाही गं मला काही वाटत. ब्रेकचं वाटतं." धाकट्याचा आवाज चढला होता. "तू गाडी चालवतेस तेव्हा तुझ्या मानेमागे वीतभर अंतरावर काच उभी असते. ब्रेक कमी लागला तरी तू गेलीस, आणि नको तिथे धरला तरी तूच गेलीस. तुला काही झालं तर मी काय करू, सांग ना!"

ताई रागाने ताडपत्रीची दोरी सोडू लागली. मलाही धाकट्याचा राग आला होता, पण तो खोटे बोलत नव्हता. बाबांनी काठी आपटली.

"ऐका दोघं. इंजिन बदला, ब्रेक नीट करून घ्या आणि एक फेरी करा. काच धड पोचली तर गाडी आपली. वाढली तर हॉटेलवाल्याला देऊन मोकळे व्हा. मग मागाहून कुणी तोंड पाडायचं नाही."

अशी माझी पैज लागली. मला कोणी विचारले नाही, पण विचारले असते तरी मी हो म्हटले असते.

मला वस्तादाच्या गॅरेजमध्ये नेले. वस्ताद म्हणजे हसरा, पोट सुटलेला मेकॅनिक. गॅरेज काढण्याआधी तो घरोघरी नळजोडणीची कामे करायचा, आणि ते वळण त्याच्या हातातून अजून गेले नव्हते. नळी शक्य तितकी आखूड हवी, नीट दडलेली हवी, आणि जिथे एकीने भागते तिथे दुसरी कशाला, असा त्याचा बाणा. त्याने एका मोडीत निघालेल्या बसचे डिझेल इंजिन आणले, माझे जुने इंजिन साखळीने उचलले आणि नवे आत सोडले. ते घुर्रर्र करून सुरू झाले तेव्हा माझे मडगार्ड थरथरले. इतक्या दिवसांनी छातीत धडधड ऐकून मला काय वाटले, ते शब्दांत सांगता येणार नाही.

पण ब्रेकचे घोडे तिथेच अडले. माझ्याकडे पूर्वी हवेचा एक गोल डबा होता. पेट्रोलचे इंजिन श्वास घेताना जी ओढ तयार होते, तिच्या मदतीने तो डबा पायाचा जोर वाढवायचा. डिझेलचे इंजिन मोकळ्या तोंडाने श्वास घेते, त्यामुळे तशी ओढच नाही. शिवाय इंजिन एवढे रुंद, की डब्याला जागाही उरली नाही. डबा काढून टाकल्यावर ताईने ब्रेक दाबून पाहिला. ती सीटवरून उठून पेडलवर जवळजवळ उभी राहिली, तेव्हा कुठे मी थांबलो.

"असं कसं चालेल वस्ताद? हा ब्रेक आहे का व्यायाम?" ती म्हणाली.

"थांबा हो. वस्तादाकडे औषध आहे," असे म्हणून तो आतून एक हायड्रॉलिक यंत्र घेऊन आला. मोठ्या पेरूएवढे ते यंत्र. नव्या इंजिनाबरोबर स्टिअरिंग हलके करणारा तेलाचा पंप आला होता. त्याच पंपाचे दाबाचे तेल आधी या यंत्रात आणायचे, तिथून पुढे स्टिअरिंगला द्यायचे. म्हणजे ताईने पायाने नुसते सांगायचे आणि जोर तेलाने लावायचा. आणि इंजिन अचानक बंद पडले तर? त्यासाठी यंत्राला एक छोटी कुपी जोडलेली होती. तिच्यात थोडे दाबाचे तेल शिल्लक राहते, एक-दोनदा नीट थांबण्यापुरते.

वस्तादाने जीव ओतून काम केले. पेडलचा दांडा जुळवला, दाबाच्या जाड नळ्या आवळल्या. राहिले काम परतीच्या तेलाचे. ब्रेकच्या यंत्रातून थोडे तेल टाकीकडे परत जाते, आणि स्टिअरिंगमधूनही जाते. टाकीला परतीचे तोंड मात्र एकच होते. वस्तादाने क्षणभर विचार केला आणि मध्ये तीन तोंडांचा एक तिकटी जोड बसवून दोन्ही नळ्या एकीत सोडल्या.

"दोन मोऱ्यांचं पाणी शेवटी एकाच गटारात जातं," तो स्वतःवरच खूश होऊन म्हणाला, आणि जोड चकचकीत पुसला.

दिसायला काम देखणे झाले होते. पण माझ्या घशात काहीतरी अडकल्यासारखे मला तेव्हाच वाटले.

परीक्षेचा दिवस उजाडला. एका शिंप्याच्या दुकानाची दर्शनी काच न्यायची होती, धाकट्याच्या उंचीहूनही मोठी. गॅरेजमधून मला सरळ रस्त्याने दुकानासमोर आणून ती तिथेच घोडीला बांधली, लांबून दिसावी म्हणून साबणाने तिच्यावर फुली काढली, आणि आम्ही निघालो. धाकटा टेम्पोतून मागे होता. सरळ रस्त्यावर मी लोण्यासारखा चाललो. ताई ब्रेकला पाय लावी आणि मी थांबे. ती गुणगुणूसुद्धा लागली. मग पहिले मोठे वळण आले. तिने स्टिअरिंग फिरवले, आणि तिचा पाय ब्रेकवर नसतानाच माझी चाके धरली गेली. मला गचका बसला. मागे दोरी कुरकुरली, आणि पुढचा आवाज तुम्हाला सांगायला नको.

ताई खाली उतरली. तिला खरचटलेही नव्हते, पण चेहरा पांढरा पडला होता.

"वाढली," ती म्हणाली.

धाकट्याने आधी तिचे हात, मान, केस तपासले. मग झाडू काढून रस्त्यावरचे तुकडे गोळा केले. शेवटचा तुकडा उचलल्यावर तो एवढेच म्हणाला, "झालं ताई. आता पुरे."

मला दोरीने ओढत शेडमध्ये परत आणले, तिथे वस्तादाने वरखाली तपासले आणि हात झटकले. "माझं काम चोख आहे. जुनी गाडी आहे, नवीन अवयव अंगाला लागत नाही तिच्या. हट्टी असतात ही धुडं."

हट्टी! मित्रांनो, हा शब्द मी कधी विसरणार नाही. कोणाला दम लागला तर आपण त्याला हट्टी म्हणतो का? परतीचे तेल एका अरुंद वाटेत दाटीवाटी करत होते. वळताना स्टिअरिंगचे तेल तिथे लोटले, की मागे रेटा बसे. तो रेटा ब्रेकच्या यंत्रात उलटा शिरे आणि यंत्राला वाटे, ताईनेच पाय दाबला. मी तिच्या आज्ञेचा गुलाम, मी थांबलो. यात माझा हट्ट कुठे आला? पण मला तोंड नाही. ज्याला तोंड नाही त्याच्या डोक्यावर खापर फोडणे सोपे असते.

हॉटेलवाला चार माणसे आणि ड्रायव्हर घेऊन आला. त्याने कुंड्यांची मापेही आणली होती. ताई शेडच्या खांबाला टेकून उभी होती. बाबांनी तोंड फिरवले होते. ड्रायव्हर चढला, इंजिन सुरू केले आणि मला मागच्या आवारातून फाटकाकडे नेऊ लागला. आमच्या आवाराचे फाटक कोपऱ्यात आहे. बाहेर पडायचे तर पूर्ण वळावेच लागते. मी मनाशी म्हटले, आता वळव तू, मग बघतो.

त्याने स्टिअरिंग फिरवले. मी थांबलो.

त्याने अ‍ॅक्सिलेटर दाबला. तेलाचा रेटा आणखी वाढला, आणि माझी पकडही.

"धक्का द्या रे!" हॉटेलवाला ओरडला. चौघे मागून रेटू लागले. त्यांचे बूट मातीत घसरले, एकाच्या सदऱ्याची शिवण उसवली, मी तसूभर हललो नाही. ड्रायव्हरने वैतागून चाके सरळ केली आणि मी ऐटीत पुढे सरकलो. मागचे चौघे एकमेकांवर आदळले. पुन्हा वळवले, पुन्हा मी ठाण मांडले. बाबा खुर्चीत खदखदा हसू लागले.

"अहो, जनावर आहे का गाडी?" हॉटेलवाला म्हणाला.

ताई मात्र हसत नव्हती. ती खांबापासून सरळ उभी राहिली.

"थांबा," ती ड्रायव्हरला म्हणाली. "सरळ करा. आता वळवा. पुन्हा सरळ." आणि भावाकडे वळली. "बघितलंस? स्टिअरिंग वळवलं की धरतोय, सरळ केलं की सोडतोय. हा ब्रेकचा दोष नाही. स्टिअरिंगचं तेल ब्रेकमध्ये शिरतंय कुठून तरी."

धाकटा सगळ्यात आधी माझ्या पोटाखाली शिरला. हॉटेलवाल्यासमोर, चांगल्या कपड्यांनिशी. बोटाने एकेक नळी चाचपत तो त्या चकचकीत जोडापाशी पोहोचला.

"ताई, परतीच्या दोन्ही नळ्या इथे एक केल्यात!"

वस्तादाला बोलावणे गेले. त्याने जोड पाहिला आणि कपाळावर असा हात मारला, की काळा पंजा उमटला. "मोरीचं पाणी उतारानं जातं हो. हे तेल पळत जातं. माझ्या टाळक्यात नळच भरलेत अजून!" तो खाली बसून स्वतःच हसला. मग माझ्या दारावर थोपटून म्हणाला, "चुकलो रे." मी त्याला माफ केले, कारण त्याने ते सगळ्यांसमोर म्हटले.

"म्हणजे? गाडी मिळणार का नाही?" हॉटेलवाल्याने विचारले.

"फेरी गाडीमुळे बिघडली नाही," धाकटा पोटाखालून बाहेर येत म्हणाला. "ती पुन्हा होणार. तुम्ही चहा घेऊन जा."

वस्तादाने टाकीला परतीचे दुसरे तोंड जोडले आणि ब्रेकच्या यंत्राला स्वतःची, वेगळी, मोकळी नळी दिली. ती लांबलचक होती, उघडी दिसत होती, आणि त्याच्या डोळ्यांना खुपत होती. पण त्याने ती दडवली नाही. मग इंजिन चालू ठेवून त्यांनी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले, पेडल हळूहळू दाबले, टाकीत फेस आला की थांबून तो बसू दिला. तेलात अडकलेली हवा निघून गेली आणि माझा घसा मोकळा झाला. वळवले, धरले नाही. दाबले, धरले. हलक्या पायाला हलके, जड पायाला जड.

धाकट्याची एक अट मात्र होती. "उतारावर इंजिन बंद पडलं तर काय होतं, ते मला बघायचंय. काच भरून. आणि या वेळी मी टेम्पोत नसेन. तुझ्या शेजारी बसेन."

"वेडा आहेस का?" ताई म्हणाली. "माझ्या मानेमागे काच असते म्हणून भांडलास, आणि आता तुझीही मान तिथेच?"

"म्हणूनच," तो म्हणाला.

शिंप्याची दुसरी काच भरली. बाबांनी तिच्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐकला आणि मान हलवली. आम्ही निघालो. पहिले वळण आले तेव्हा दोघांनीही श्वास रोखला होता. मी वळलो आणि पुढे गेलो. मग तो सरळ, लांब उतार लागला. वर दुकाने, खाली माणसांनी भरलेला चौक. अर्ध्यावर आल्यावर ताईने भावाकडे पाहिले. त्याने मान डोलावली आणि इंजिन बंद करायची मूठ स्वतःच्या हाताने ओढली.

धडधड थांबली. एकदम शांतता झाली, नुसता चाकांचा आवाज. उतार मला खाली ओढत होता, पाठीवर काच, पुढे दोन जीव, आणि चौक जवळ येत होता. सांगतो, मी घाबरलो नाही. कुपीतले तेल तयार होते. ताईने पाय ठेवला, बाबा ठेवत तसा. मी हळू झालो, आणखी हळू झालो, आणि थांबलो. काच किंचित गुणगुणली, बस्स. ताईने पाय उचलला, मी सुटलो; पुन्हा ठेवला, पुन्हा थांबलो. धाकट्याने डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ते भरलेले होते, आणि त्याने ते लपवले नाहीत.

काच शिंप्याच्या दुकानात बसली. लगेच तिच्यासमोर एक बाई उभी राहून पदर सारखा करू लागली. परत निघताना धाकटा ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"सरक," तो बहिणीला म्हणाला. "मला शिकव."

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी जुने असेल. एखादे यंत्र असेल, जनावर असेल, माणूसही असेल. ते अडले तर लगेच हट्टी म्हणू नका. त्याच्या पोटाखाली शिरा, कपडे मळू द्या, कुठे कोंडले आहे ते हाताने चाचपून पाहा. आणि जपायचे म्हणून कोणाला विटांवर चढवू नका. मला जपायचे असेल तर तेल बघा, नळ्या बघा आणि माझ्याकडून काम घ्या.

फोटो काढून झाला असेल तर आता जरा बाजूला व्हा. पाठीवर काच आहे, धाकटा अजून शिकाऊ आहे, आणि मला वळायचे आहे.